खंडेनवमीनंतरचा सोमवार

सकाळच्या बसमध्ये तिघी एकत्र चढायच्या. सिद्धी, तारा आणि सेजल. लाटंबार्सेहून डिचोलीपर्यंत बोलणं संपायचं नाही. मग विद्यालयाचा फाटा यायचा, सिद्धी आणि तारा उतरायच्या, आणि सेजल गावस पुढे जायची, आयटीआयपर्यंत. मधलं अंतर फार नव्हतं. पण बस सुटल्यावर शेजारची रिकामी सीट थोडा वेळ ऊबदार असायची, आणि ती ऊब जाईपर्यंत सेजल खिडकीबाहेर बघायची नाही.

दहावीपर्यंत तिघींचा बाक एक होता. कंपास एक, वहीतलं चुकलेलं गणित एक, शिक्षाही एकच. इतकी वर्षं एका बाकावर बसलं की आपण कुठे संपतो आणि शेजारची कुठे सुरू होते हे माणसाला नीट कळत नाही. निकाल लागला तेव्हा ते कळलं. सिद्धी कॉमर्सला गेली, तारा आर्ट्सला, दोघी एकाच इमारतीत. सेजलला कॉम्प्युटरचा ट्रेड हवा होता. त्याच्या जागा भरल्या होत्या. फिटरच्या उरल्या होत्या.

"लोखंड तर लोखंड," तिची आई भागीरथी म्हणाली होती. "हातात काम येतलां. कॉम्प्युटर काय, वीज गेली की मेला."

आयटीआयमध्ये पहिले महिने फिटरला एकच काम असतं. लोखंडाचा एक ठोकळा शेगड्यात, म्हणजे मेजाला बसवलेल्या लोखंडी पकडीत, आवळायचा आणि कानशीने घासायचा. सपाट होईपर्यंत. मग गुण्या लावायचा, म्हणजे काटकोन तपासायची ती पोलादी पट्टी, आणि ठोकळा जनेलाकडे, खिडकीच्या उजेडाकडे, धरून बघायचं. दोघांच्या मधून उजेड दिसला तर काम चुकलं. सेजलच्या ठोकळ्यातून उजेड यायचाच. कधी डाव्या कोपऱ्यातून, कधी मधून. ती पुन्हा घासायची, आणि उजेड दुसऱ्या जागेवरून यायचा. बोलणारा मास्तर परवडला, असं तिला वाटायचं. उजेडाशी वाद घालता येत नाही.

वर्गात बहुतेक मुलगे होते. तिच्याशिवाय मुलगी एकच, योगिता. तिचे वडील गडहिंग्लजकडचे, इथल्या औद्योगिक वसाहतीत कामाला आलेले आणि इथेच राहिलेले. योगिता पहिल्याच आठवड्यात सगळ्यांशी भांडून सगळ्यांची झाली. सेजल कोणाशीच भांडली नाही. भांडायला ती तिथे नसायचीच. जेवणाच्या सुट्टीची घंटा झाली की डबा उचलायची आणि चालत, जवळजवळ पळत, विद्यालयाकडे निघायची. तिथे जांभळीखाली सिद्धी आणि तारा थांबलेल्या असत. तिघी जेवत. अर्ध्या घासावर सेजल उठायची आणि परत पळायची. घामाने भिजलेली, शेगड्यासमोर उभी राहायची.

"इली पाहुणी," गौरेश म्हणायचा. तो पेडण्याचा, शेगडा तिच्या शेजारचा. "जेवलीस मगे? काय वाढल्यानी?"

पोरं हसायची. त्यात वाईट काही नव्हतं. पण ते नाव चिकटलं. दोन महिन्यांत त्या हॉलमध्ये कोणी तिला सेजल म्हटलं नव्हतं. विनायक सर हजेरी घेताना आडनाव घेत, बाकी सगळे पाहुणी. आणि तिला ते खरंच वाटायचं. ती इथे आलेली होती, आणि जाणार होती. कुठे ते ठरलेलं नव्हतं एवढंच.

जांभळीखालीही काहीतरी बदलत होतं. सिद्धी अकाउंटच्या बाईंची नक्कल करायची आणि तारा हसून लोळायची. सेजलने त्या बाईंना पाहिलं नव्हतं. ती अर्धा क्षण उशिरा हसायची. नवी नावं यायची, कोणी सर्वेश, कोणी स्वप्नील, कोणी कुणाला काय म्हणालं. सेजल विचारायची, "तो कोण?" आणि सिद्धी सांगायची, पण सांगताना गोष्टीचं मीठ जायचं. सेजलने एकदा गुण्या आणि उजेडाचं सांगायला सुरुवात केली. तारा म्हणाली, "म्हणजे दिवसभर एकच ठोकळो?" सेजल म्हणाली, "हो." मग डब्यातल्या पाटवड्या संपल्या.

सप्टेंबरच्या शेवटी ताराने बातमी आणली. आर्ट्सच्या वर्गातली एक मुलगी वडिलांची बदली झाली म्हणून गेली होती. जागा रिकामी होती. हेडसर मूळचे त्यांच्याच भागातले, त्यांनी ताराला सांगितलं होतं की सहामाहीच्या आधी आली तर बघतो.

"येशील मगे?" तारा म्हणाली. "आपण तिघी!"

सिद्धी काही म्हणाली नाही. ती डब्याचं झाकण लावत होती. सेजलच्या तेव्हा ते लक्षातही आलं नाही.

त्या रात्री जेवताना सेजलने घरी सांगितलं. वडील म्हणाले, आईला विचार. आई म्हणाली, "माका काय इचारतंस? ठोकळो मी घासतंय?" मग थोड्या वेळाने, "तुका जमात तां कर. पण एकदा काय तां ठरय. असां अर्धां हंय नि अर्धां थंय बरां नाय."

सेजलने ठरवलं. दसरा होऊ दे. दसऱ्याच्या पुढच्या सोमवारी विनायक सरांना सांगायचं, आणि त्याच आठवड्यात गुरुवारी हेडसरांना भेटायला जायचं. बसमध्ये ती मनात वाक्य जुळवायची. सर, मी सोडतेय. सर, मला इथे जमत नाही. सर, माझी चूक नाही, पण. कुठलंच वाक्य गुण्यात बसत नव्हतं. तरी ठरलं होतं, आणि ठरलं की अंगातला एक दगड खाली ठेवल्यासारखं होतं. त्या दिवसांत तिने ठोकळा कसाही घासला. उजेड आला तर येऊ दे.

खंडेनवमी शुक्रवारी आली. शनिवारी दसरा, मग रविवार. आयटीआयमध्ये दरवर्षी नवमीला पूजा असते. मोठी यंत्रं दुसऱ्या वर्षाची मुलं सजवतात, पहिल्या वर्षाकडे हातातली अवजारं. विनायक सर सकाळी आले, घाईत होते, प्राचार्यांकडे बैठक होती.

"कानशी, गुण्ये, हातोडे, पट्ट्या, सगळं कपाटातून काढा," ते म्हणाले. "स्वच्छ करा आणि त्या मेजावर मांडा. फुलं आली आहेत. भटजी अकराला येणार." आणि गेले.

पोरं एकमेकांकडे बघू लागली. स्वच्छ म्हणजे किती, कसं, हे कोणी विचारलं नव्हतं. तेवढ्यात सेजल पुढे झाली. का झाली हे तिला पुढेही नीट सांगता आलं नाही. कदाचित दोन महिन्यांत पहिल्यांदाच इथे असं काम निघालं होतं जे तिला येत होतं. लहानपणापासून ती नवमीला आईबरोबर बावीवर, विहिरीच्या कठड्याशी, बसून कोयते धूत आली होती. कोयता, कुदळ, पिकास, काजू वेचायच्या काठीचं लोखंडी टोक, भाताचे विळे. काथ्याने घासायचं, पाणी ओतायचं, पुन्हा घासायचं. आई म्हणायची, वर्षभर राबलेल्याला आज आंघोळ.

"बालदी हाडा," ती म्हणाली. "दोन हाडा. काथ्या आसा?"

"काथ्या खंयचो?" गौरेश म्हणाला. "नारळ फोडूक आणलेत ना, त्यांचो सोल काढ."

पोरांनी नारळ सोलले. काथ्याचे बोळे झाले. नळाखाली बालद्या भरल्या. सगळ्यांच्याच घरी कोयते होते, सगळ्यांच्याच आया धूत होत्या, त्यामुळे कोणाला त्यात वेगळं काही वाटलं नाही. हॉलच्या मागच्या पायरीवर रांग लागली. एकजण बुडवतो, एकजण घासतो, एकजण मांडतो. सेजल मध्ये उभी राहून सांगत होती. कानशीचे दात उलटे घासू नका. गुण्याची खाच नीट पुसा, तिथे काळं अडकतं. हातोडे शेवटी.

योगिता तेवढी कपाळाला आठी घालून म्हणाली, "पाणी मारायलाच पायजे व्हय गं? आमचे बाबा कंपनीत नुसतं पुसत्यात."

"तां कंपनीत," सेजल म्हणाली. "ही पूजा आसा."

"बरं बाई, भटजीण तू," योगिता म्हणाली आणि बाही वर करून बसली.

अकराच्या आत सगळं मेजावर मांडलेलं होतं. केळीच्या पानांवर ओळीने कानशी, चकचकीत, थेंब अजून ओघळत असलेल्या. गुण्ये उभे टेकवलेले. वर हळद, कुंकू, आंब्याची पानं, आणि झेंडूची फुलं, ज्यांना इथे रोजां म्हणतात. भटजींनी नारळ फोडला तेव्हा त्याचं पाणी सगळ्या अवजारांवर शिंपडलं. विनायक सर बैठकीतून थेट आरतीला आले, मागे उभे राहिले, गर्दीतून त्यांना फक्त फुलं दिसली. छान मांडलंय, म्हणाले.

पुसून ठेवा असं ते म्हणाले नाहीत, आणि कोणी पुसलंही नाही. पूजेतलं हत्यार दसरा होईपर्यंत उचलायचं नसतं. हात लावायचा नाही, हलवायचं नाही, काम करायचं नाही. घरी कोयता तसाच राहतो, उन्हाने तापलेल्या पडवीत, आणि दसऱ्याला उचलतात. तेव्हा मेजावरची ओली कानस ओलीच राहिली. हॉलला कुलूप लागलं. शनिवारी दुपारी पाऊस पडला, रविवारीही पडला, तो ऑक्टोबरचा गरम, चिकट पाऊस, ज्यात भिंतींनाही घाम येतो.

दसऱ्याला सेजल सिद्धी आणि ताराबरोबर देवळात गेली. आपट्याची पानं वाटली. तारा सारखी म्हणत होती, आता तू येणार, आता तू येणार. सिद्धीने सेजलच्या हातात पान ठेवलं आणि म्हणाली, "सरांक सांगलंस काय?"

"सोमवारी."

"बरां," सिद्धी म्हणाली.

सोमवारी सकाळी सेजल बसमधून उतरली तेव्हा वाक्य तयार होतं. सर, मी आर्ट्सला जातेय. एवढंच. कारण नाही, माफी नाही. हॉलपर्यंत ती ते ओठात धरून चालत गेली, भरलेली घागर नेतात तशी.

दार उघडलं होतं. पोरं मेजाभोवती उभी होती. सुरुवातीला तिला वाटलं, कुंकूच आहे. सगळ्या कानशींवर लाल पसरलेलं. पण कुंकू इतकं तपकिरी नसतं. गौरेशने एक कानस उचलली, बोट फिरवलं. बोटावर लाल भुकटी आली. दातांच्या खाचाखाचांत गंज बसला होता. गुण्यांच्या कडांवर ठिपके. जिथे हळद होती तिथे जास्तच.

झेंडूच्या पाकळ्या काळ्या पडून चिकटल्या होत्या.

सेजलला वाटलं, आज सोडते असं सांगितलं तर पळाली असं होईल. आणि नाही सांगितलं तर ह्याचं काय? घरी बोलावतील. आईला इथे यावं लागेल, ह्या मेजासमोर. ती दाराकडे बघू लागली. त्याच दारातून विनायक सर आत आले.

ते मेजापाशी आले. एक गुण्या उचलला. उजेडाकडे धरला. खाली ठेवला. दुसरा उचलला.

"पाण्यानं धुतलंत," ते म्हणाले. प्रश्न नव्हता.

गौरेशने हातातली कानस खाली ठेवली.

"कानस पाण्यानं धुतलीत. आणि तीन दिवस तशीच ठेवलीत." त्यांचा आवाज चढला. "पोलाद आहे ते पोलाद! कापडानं पुसायचं, तेलाचा हात द्यायचा. हे काय लहान मुलांना सांगायचं? कोणी सांगितलं हे करायला?"

सेजलने तोंड उघडलं. पण गौरेश तिच्या आधी बोलला, एकदम, मोठ्याने, बोट रोखून.

"सर, सेजलान सांगल्यान! बालदी हाडा म्हणाली! काथ्या सुद्धा तिनांच!"

"व्हय सर," मागून कोणी म्हणालं. "सेजल म्हणाली, आंघोळ घालायची."

"सेजलनंच सांगितलं सर. आम्ही विचारलं पण नाही."

हॉलभर तिचं नाव होतं. सेजल, सेजल. ती तिथे उभी राहिली आणि तिला घाबरायला हवं होतं, ती घाबरलीही होती, पण त्या भीतीच्या खाली दुसरं काहीतरी हललं, जे तिला त्या क्षणी ओळखता आलं नाही. चुलीवर धरलेल्या थंड हाताला पहिल्यांदा फक्त टोचतं, ऊब नंतर कळते. तसं.

"मी सांगितलं सर," ती म्हणाली. "घरी धुतात. कोयते."

विनायक सरांनी तिच्याकडे पाहिलं. मग सगळ्यांकडे. "आणि तुम्ही? तुमच्या हातात काय बांगड्या होत्या? तिनं एकटीनं घासल्या एवढ्या?"

"आमच्याय घरी धुतात सर," गौरेश जरा खाली आवाजात म्हणाला.

योगिता हळूच म्हणाली, "मी बोलले होते पुसायचं." मग सगळ्यांनी तिच्याकडे असं बघितलं की ती पुढे म्हणाली, "पण घासलं मीबी."

सर खुर्चीवर बसले. कपाळ चोळलं. बाहेर मेकॅनिकच्या हॉलमधून कुणीतरी इंजिन चालू केलं, बंद केलं. मग सर हसले नाहीत, पण हसण्याच्या जवळून गेले.

"कोयता," ते म्हणाले. "माझ्या आईनं माझी सायकल धुतली होती नवमीला. ओल्या साखळीला हळद लावली. ऐका आता. ठोकळे बंद. एकेक कानस, एकेक गुण्या, जसा होता तसा करायचा. रॉकेल आहे, तारेचा ब्रश आहे. गुण्याच्या कडेला पॉलिश पेपर लावाल तर हात तोडीन. कड गेली तर काटकोन गेला. कडा मी बघतो. आणि जोवर हे होत नाही तोवर सुट्टीत कोणी हॉलबाहेर पाऊल टाकायचं नाही. जेवण इथेच. आणि उद्यापासून सकाळी तासभर आधी यायचं."

दुपारी घंटा झाली तेव्हा सेजलने सवयीने डबा उचलला. दाराकडे दोन पावलं टाकली. मग थांबली.

"खंय चल्लंस?" गौरेश म्हणाला. "आरोपी नंबर एक!"

"बस गं," योगिता म्हणाली आणि जमिनीवर पेपर पसरला. "तुज्यामुळं आज हात रॉकेलात घालून जेवतोय. निदान भाजी तर दे."

सेजल बसली. तिच्या डब्यात तांबड्या भाजीत खोबरं होतं. योगिताच्या डब्यात भाकरी आणि खर्डा. गौरेशकडे पोदेराकडचे, पाववाल्याकडचे गोल उंडे होते, त्याने एकेक सगळ्यांना मोडून दिला. खर्डा खाऊन गौरेशच्या डोळ्यांत पाणी आलं. "ह्यां काय खातात तुमच्याकडे? ह्याच्यान गंज निघात!" योगिता इतकी हसली की तिला ठसका लागला. सेजलही हसली. ती बरोबर वेळेवर हसली होती, हे तिच्या नंतर लक्षात आलं.

काम वाटलं होतं त्यापेक्षा चिवट होतं. कानशीच्या दातांत गंज असा बसतो की ब्रश वरून जातो आणि तो आत हसत राहतो. मंगळवारी दुपारी गौरेश म्हणाला, "सोलांच्या पाण्यात घालूया. माझी आई समई तशीच उजळता."

"नको!" सेजल ओरडली. "परत घरचं काय नको!"

हॉल हसला. विनायक सर कोपऱ्यातून म्हणाले, "तुमच्या आया मला निवृत्त करणार." मग त्यांनी एक कानस उजेडाकडे धरून बघितली. "एक घालून बघ," ते म्हणाले. "सगळ्यात वाईट एक. माझ्या नावावर नाही."

कोकमाच्या सोलांच्या पाण्यात ती कानस दुसऱ्या दिवसापर्यंत राहिली. बाहेर काढली तेव्हा काळपट करडी झाली होती, पण ब्रश मारताच दात मोकळे झाले. सरांनी ती लगेच पुसायला लावली, तेल चोळलं, एका भंगार तुकड्यावर दोन हात मारून बघितले. कानस लोखंड धरत होती. संध्याकाळपर्यंत तीन भांड्यांत सोलं भिजत होती आणि हॉलला सोलकढीचा वास येत होता.

गुण्यांची गोष्ट वेगळी होती. ते सर स्वतः बघत होते. एकेक गुण्या घेऊन स्वतःच्या कपाटातल्या, कोणालाही न देण्याच्या गुण्याला भिडवायचे आणि जनेलाकडे धरायचे. पोरं काम थांबवून बघायची. सर मान हलवायचे आणि गुण्या उजवीकडे ठेवायचे. पुन्हा एक, उजवीकडे. सेजल श्वास रोखून होती. आपला ठोकळा तपासताना तिने एवढं कधीच मन लावून उजेडाकडे पाहिलं नव्हतं. बुधवारी दुपारी फक्त एक डावीकडे गेला. "हा गेला," सर म्हणाले. "ह्याच्या कडेला खड्डा पडलाय. बाकीचे वाचले." आणि खुर्चीला टेकून त्यांनी लांब श्वास सोडला. सगळ्या हॉलने त्यांच्याबरोबर सोडला.

गुरुवारीही काम होतंच. तेलाचा शेवटचा हात, मग प्रत्येक कानस कागदात गुंडाळणं. जेवण झालं. योगिता आणि गौरेश कोणाच्या गावची मिरची तिखट ह्यावर भांडत होते. सेजल तेलाचं कापड पिळत असताना शिपाई दारात आला.

"सेजल गावस कोण? गेटार कोणतरी चली इल्या."

सिद्धी होती. गणवेशात, केस सुटलेले, चालत आली होती. सेजल तिच्यापर्यंत पोचायच्या आधीच तिला आठवलं. गुरुवार. हेडसर.

"आज खंय होतंस?" सिद्धी म्हणाली. "हेडसर थांबलेले. तारा रडकुंडीक इली."

"मी इसारलंय," सेजल म्हणाली.

"इसारलंस?"

"खरंच इसारलंय." तिने आपले हात बघितले. नखांखाली काळं होतं. खोटं सांगायला सोपं होतं, काम होतं, सोडत नव्हते. पण ते खरं नव्हतं. सकाळपासून आज गुरुवार आहे हे तिच्या मनात आलंच नव्हतं. दोन महिने ज्याची वाट बघितली ते हातातून खाली पडलं आणि आवाजही झाला नाही. "रोज पयल्या बशीन येतंय, सोमवारपासून फोन पण बघूक नाय. गंज काढतंय."

"कसलो गंज?"

सेजलने सांगितलं. बालदी, काथ्या, आंघोळ, सोलांचं पाणी. सांगताना तिला हसू येऊ लागलं. सिद्धी आधी रागाने ऐकत होती, मग गेटच्या खांबाला टेकून हसायला लागली. ती सगळ्या ठिकाणी हसली, बरोबर. गुण्या काय हे सेजलला सांगावं लागलं, पण ह्या वेळी सांगताना गोष्टीचं मीठ गेलं नाही.

रस्त्यावरून एक ट्रक गेला.

"तुका यायचां नाय," सिद्धी म्हणाली.

सेजलने मान हलवली. नाही म्हणून. आणि तेव्हा पहिल्यांदा तिला ते स्वतःला ऐकू आलं.

"बरां," सिद्धी म्हणाली. देवळात म्हणाली होती तसंच, पण आवाज वेगळा होता. ती खाली बघत होती. "येक सांगू? रागावशीत नाय ना?"

"सांग."

"तू रोज पळत येयस. घामान भिजून. आमी तुझी वाट बघीत उपाशी रवायचंव. आणि तू इलंस काय मगे आमका वाटायचां, हिका हसवूक व्हया, हिका एकटां वाटता. मी रोज त्या अकाउंटच्या बाईंची नक्कल करूचंय. माका तां अकाउंट कळतच नाय सेजल. बाई वर्गात काय बोलतात तां मेल्यां माका समाजत नाय. मी तां कुणाक सांगूक नाय. तुका कशी सांगतलंय? तू आधीच रडवेलां तोंड घेऊन येयस."

इतके दिवस सेजल ज्या झाडाखाली सावलीला जात होती ते झाड तिच्यासाठी फांद्या ताणून उभं होतं. आणि त्याचे हात दुखत होते.

"माका सांगूचां होतां," ती म्हणाली.

"आता सांगलंय."

"मगे? सोडतलंस कॉमर्स?"

"नाय गो. ट्यूशन लावतंय. सर्वेशाची बहीण शिकयता." सिद्धीने नाक पुसलं आणि हसली. "पण आता सांगून बरां वाटलां. ताराक मी समजायतंय. हेडसरांक पण. ती जागा दुसऱ्या कुणाक तरी व्हयीच आसतली."

"तारा रागावतली."

"तारा दोन दिवस रागावतली. मगे तिका नवीन कायतरी गावतलां."

आतून कुणीतरी सेजलला हाक मारली. कापड कुठे ठेवलंस म्हणून. सिद्धीने हात वर केला आणि निघाली. ती वळणावरून दिसेनाशी होईपर्यंत सेजल बघत राहिली. तिला वाटलं होतं की असं काही झालं तर छातीत दुखेल. दुखलं, थोडंसं, पण पाठीवरून ओझं उतरल्यावर खांदे दुखतात तसं. चालता येत होतं.

संध्याकाळी ती घरी पोचली तेव्हा आई चुलीपाशी होती. भात शिजत होता.

"सांगलंस?" आई म्हणाली. मागे न बघता.

"काय?"

"येतंय म्हणान, हेडसरांक. गुरुवार ना आज?"

"सांगूक नाय. सोडूचंय नाय मी."

आईने भाताच्या टोपावरचं झाकण काढलं, परत ठेवलं. मग वळली. तिचा चेहरा सेजलला नीट दिसला नाही, धूर होता, पण आवाजात काहीतरी सुटलं होतं.

"मेले, आधी सांगूक काय झालां? मी त्या शेजारच्या विनोदिनीक सांगून बसलंय, चली आयटीआय सोडता म्हणान. ती आख्ख्या वाड्यार सांगीत सुटली आसतली. तिची ती टिंगल, फिटर काय नि बिटर काय!"

"मगे आता?"

"आता काय? सांगान येतंय." आईने हात पदराला पुसले, चपला पायात सारल्या. ती इतकी घाईत होती की डाव्याची उजवी झाली. दारातून वळून म्हणाली, "भातार लक्ष दी. उतू जाईत."

"आई, अगो जेवल्यावर जा!"

पण आई अंगण ओलांडून गेली होती. कुंपणापलीकडून तिची हाक ऐकू आली, "विनोदिनी! ए विनोदिनी!" सेजल चुलीपाशी बसली. तिने एक लाकूड मागे ओढलं, जाळ कमी केला आणि भात बघत राहिली.